वन्सं, दोन ओळी हलवू का?

सुनंदा, तुझ्याबद्दल चार शब्द चांगले लिही, असं मला सगळे सांगतायत. कारखान्यातल्या शोकसभेत चांगलं बोलणाऱ्यांची रांगच लागली होती. शेठ बोलले, स्टोअरचा माणूस बोलला, आणि ज्या पॅकिंगवाल्याशी तू वर्षभर अबोला धरला होतास तोही रुमालाने डोळे टिपत बोलला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलेच नाही. लोकांना वाटलं, बिचाऱ्या नणंदेला दुःखाने शब्द फुटेना. दुःख होतंच गं. पण दुःखाच्या शेजारी जे बसलं होतं ते तुला चांगलं ठाऊक आहे. मला तुझा हेवा वाटत होता. तुझ्याच शोकसभेत, तुझ्याच फोटोसमोर बसून मी जळत होते.

मी मेले तर एवढी माणसं येतील का, हाच विचार डोक्यात होता. बघ, ही तुझी नणंद.

तर चांगलं नंतर बघू. आधी जे खरं आहे ते लिहिते.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी तिशीला टेकले होते. माझं लग्न झालं नव्हतं आणि होणार नाही हे घरात सगळ्यांनी न बोलता मान्य केलं होतं. वसंता माझा धाकटा भाऊ, होडीवर जाणारा. मी थोरली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणारी. किनाऱ्यावरच्या आमच्या गावात माझ्याआधी कुठली बाई हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन बसली नव्हती. मला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

आणि तू मासवणची. सूर्या नदीच्या अंगाची, डोंगर आणि भातशेतीवाली माणसं. पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, पण ओला बोंबील हातात धरता येत नव्हता तुला. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ती जोडी बांबू रोवून बांधलेल्या वलांडीच्या दोरीवर वाळायला टाकायची, एवढंच काम. तू टाकलेल्या जोड्या पहिल्याच दिवशी वाऱ्याने सटासट वाळूत पडल्या. गावातल्या कावळ्यांची दिवाळी झाली. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "वसंता, ही बाय आनलीस कुठनं रं!" मला इतकं बरं वाटलं होतं त्या संध्याकाळी की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

नव्याचे नऊ दिवस, असं मी मनात म्हटलं. नऊ दिवस काही पुरते भरले नाहीत. तू आईपेक्षा भरभर बोंबील टाकायला लागलीस, आणि आई शेजारणींना बोलावून दाखवायला लागली. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आईच्या शेजारून चालायचं माझं होतं ते गेलं. नारळाचं ताट तुझ्या हातात, कारण तू घरची सून. मी मागून चालले, गावातल्या बायकांच्या घोळक्यात. कुणी मला मुद्दाम मागे ढकललं नव्हतं. रीतच तशी आहे. पण रीत आहे म्हणून काही कमी टोचत नाही.

गंमत म्हणजे कारखान्यात तुला मीच नेलं. आपल्या हाताने पायावर धोंडा. आई म्हणाली होती, "घरात दोन शिकलेल्या बाया, आन् एकच कमावती? तिलापन ने." मी शेठना सांगितलं आणि तू माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसलीस. कुंभवलीच्या पलीकडची ती आपली पत्र्याची शेड, आजूबाजूच्या कारखान्यांसाठी तापमान मोजायची पॅनेलं जोडणारी. समोरच्या रंगाच्या कारखान्याचं गटार कधी गुलाबी वाहायचं, कधी पिवळं, आणि तू जेवणाच्या सुट्टीत आजचा रंग कोणता यावर पॅकिंगच्या पोरींशी पैजा लावायचीस. मी तुला रेझिस्टरच्या पट्ट्या ओळखायला शिकवलं. जोड कच्चा आहे की पक्का हे नुसतं बघून कसं सांगायचं तेही मीच शिकवलं. तू मान डोलवून ऐकायचीस आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पुढे असायचीस. तुझ्या ह्या सवयीची मला चीड होती.

मग ती चिप आली. नव्वद साल उजाडायला तेव्हा थोडी वर्षं बाकी असतील.

शेठ मुंबईहून एक छोटा डबा घेऊन आले. काळ्या स्पंजमध्ये रोवलेल्या चार चिपा. म्हणाले, एक परदेशी कंपनी हा नवा मायक्रोप्रोसेसर भारतात आणतेय, मुंबईच्या मोठ्या हॉटेलात त्याचा समारंभ आहे, आणि आपल्यासारख्या चार लहान कारखान्यांनी त्या दिवशी काहीतरी करून दाखवायचंय. तोपर्यंत आपण जे प्रोसेसर बघितले होते ते एकांडे होते. एकाने सगळं करायचं, एकामागून एक. ह्या नव्या चिपेला शेजाऱ्यांशी बोलायला चार वाटा होत्या. चार चिपा एकमेकींना जोडा, काम वाटून द्या, चौघी एकाच वेळी करतील. फक्त एक अट होती. बोलणारी बोलायला तयार आणि ऐकणारी ऐकायला तयार, असं झालं तरच निरोप पोचायचा. नाहीतर दोघी थांबून राहायच्या. तू त्या चिपांना चक्क नमस्कार केलास. मी म्हटलं, "हळदकुंकूपण वाहा." तू म्हणालीस, "वाहिलं असतं वन्सं, शॉर्ट होईल."

काम आपल्याला सापडायला वेळ लागला नाही. रंगाच्या कारखान्यातल्या त्या मोठ्या टाकीचं, रिअॅक्टरचं, तापमान चहूबाजूंनी मोजावं लागतं. आपलं जुनं पॅनेल एकेका जागेला पाळीने विचारत जायचं. शेवटच्या जागेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या जागेचा आकडा शिळा झालेला असायचा. आता चार चिपा, टाकीच्या चार बाजू, सगळ्यांचं मोजमाप एकदम. बोर्ड तू करायचा, प्रोग्रॅम मी लिहायचा, असं ठरलं. प्रोग्रॅम माझा होता. हे वाक्य मी आयुष्यभर सांगत आलेय आणि आता तू हसायलाही नाहीस तरी सांगते. तो माझा होता.

आणि तो मी आपल्या किनाऱ्यासारखा लिहिला. होडी लागली की वाळूत मासळीचे वाटे करतात, आणि ज्याने वाटे केले त्याने आधी हात घालायचा नाही. सगळ्यांनी आपापला उचलला की उरेल तो त्याचा. म्हणून तर वाटे सारखे होतात. माझी पहिली चिप तसंच करायची. काम चौघींत वाटायची, बाकीच्या तिघी आपापला वाटा उचलेपर्यंत थांबायची, आणि मग स्वतःच्या वाट्याला लागायची. मला ते फार सुंदर वाटलं होतं. अजून वाटतं.

तुला नाही वाटलं. बोईसरहून गावाकडे जाणाऱ्या एस.टी.त तू माझ्याशी भांडलीस. "पण वन्सं, तिघींतली एक आलीच नाही तर?"

"न यायला काय झालं? बोर्डावरच आहे ती."

"समजा तार तुटली. मग पहिली नुसती बसून राहील. आमच्या मासवणला लावणीला सगळे शेजारी एकमेकांच्या शेतात जातात. जो पोचला तो चिखलात उतरला. न आलेल्याची वाट बघत बांधावर बसलं तर रोपं सुकतील ना."

"हे भात नाहीये."

"मासळी तरी कुठंय?"

मागच्या सीटवरच्या बायका आपल्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं असेल, ह्यांच्या घरात वाटणीवरून जुंपलीय.

घरी आल्यावर तू प्रकरण आईपुढे नेलंस. आईला चिप म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण वाट्याचं कळलं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "वाटं करनारीनं आदी हात घातला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाय. शेवटचाच घ्यायचा."

"पन आई, एकजन आलाच नाय तर मासळी नासंल ना?" तोपर्यंत तू घरात आमच्यासारखं बोलायला शिकली होतीस, तेही माझ्या डोळ्यांत खुपायचं.

"वाट बगायची," आई म्हणाली. "येतोच मानूस."

तू आल्यापासून आई पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलली होती. मी एक अक्षर बदललं नाही त्या प्रोग्रॅमचं. आता कोण बदलेल?

समारंभाच्या दोन दिवस आधी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शैलाबेन, प्रोग्रॅम तुमचा, एकदम फर्स्ट क्लास. पण स्टेजवर सुनंदाबेन." मी का म्हणून विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. तुझं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, पण तू मोडक्या इंग्रजीला भ्यायची नाहीस. मी बाहेर आले तेव्हा तू बोर्ड फडक्यात गुंडाळत होतीस, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा. म्हणालीस, "वन्सं, तुमीच बोला ना, मी मागं उभी राहते." तुझा हा चांगुलपणाच मला असह्य व्हायचा. सरळ मिरवली असतीस तर मला सरळ रागावता आलं असतं.

समारंभाला निघालो तेव्हा जीप पालघरवरून मनोरच्या रस्त्याला लागली, म्हणजे मासवण वाटेतच. तू बाहेर हात करून म्हणालीस, "ते बघा, तो आंबा आहे ना, त्याच्या खालचं आमचं." आंब्याखाली एवढंसं शेत, पावसाच्या भरवशावरचं. तुझा भाऊ दर वर्षी दिवाळीनंतर ते टाकून गुजरातेकडे वीटभट्टीवर जायचा. तुझे आईवडील तेव्हा गेलेले होते. तू एवढंच दाखवलंस. तो रस्ता मात्र असा की हाडं खिळखिळी व्हावीत. बोर्ड तुझ्या मांडीवर होता. त्या खड्ड्यांनीच त्याचा एक जोड सैल केला, हे आपल्याला नंतर कळलं. तुझ्या माहेरच्या रस्त्याने माझा प्रोग्रॅम मारला, असं मी तुला किती वेळा ऐकवलंय.

हॉटेलात गालिचा होता आणि हुडहुडी भरेल एवढा गारवा. परदेशी साहेब आले, त्यांनी काचेच्या पेटीवरचं मखमली फडकं ओढलं, आत दिव्याखाली ती नखाएवढी वस्तू, आणि दोनशे माणसं टाळ्या पिटतायत. चिपेचं बारसं म्हटलं तर शेवटी एवढंच. मी शेवटच्या रांगेत, मांडीवर आपल्या दोघींची पर्स घेऊन. तू वर. तू माझी अबोली रंगाची साडी नेसली होतीस, कारण तुझ्याकडे धड नव्हती. मी खाली बसून माझी साडी बघत होते आणि माझा प्रोग्रॅम बघत होते, आणि त्या दोन्ही गोष्टी तुझ्या अंगावर शोभत होत्या.

तू सुरू केलंस. पडद्यावर चार रांगा आल्या आणि आकडे पडायच्या ऐवजी सगळं थिजलं. एक चिप आपला वाटा उचलायला आलीच नाही. पहिली चिप वाट बघत बसली. आईने सांगितल्यासारखी.

कुणीतरी खोकलं. शेठनी रुमाल काढला. माझा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर बुडत होता, आणि खरं सांगायचं तर काळजाच्या एका कोपऱ्यात मला गारही वाटत होतं, की आता तुझी फजिती होणार. तेवढ्यात तू माईक हातात घेतलास आणि त्या इंग्रजी माणसांना, निम्मं इंग्रजीत निम्मं हिंदीत, सांगायला लागलीस की हे मशीन बिघडलेलं नाही, हे थांबलंय, कारण आमच्याकडे किनाऱ्यावर वाटे करणाऱ्याने आधी हात लावायचा नसतो. एक जण आला नाहीये, म्हणून ही बिचारी वाट बघतेय. माणसं हसली. त्या हसण्यात टवाळी नव्हती, जीव लावून हसली. मग तू शेवटच्या रांगेकडे बघितलंस, आणि माईकवरून, त्या सगळ्यांसमोर, मराठीत विचारलंस, "वन्सं, दोन ओळी हलवू का?"

दोनशे माना माझ्याकडे वळल्या.

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? तू तिथेच उभ्याने टाइप केलंस, थोडा वेळ थांब, नाही आली तर पुढचं बघ, एवढंच. तीन रांगा भरायला लागल्या. चौथी रिकामी. आणि टाळ्या म्हणजे त्या फडकं ओढल्यावरच्या टाळ्यांपेक्षा जास्त. परदेशी साहेबाने खाली येऊन तुझा हात हातात घेतला. तू माझ्याकडे बोट दाखवत होतीस, पण त्याने तिकडे बघितलं नाही. मला दोन्हींचा राग आला. त्याच्या न बघण्याचा आणि तुझ्या बोट दाखवण्याचा.

ह्यावर आपण पुढे किती वर्षं भांडलो गं? बोंबील टाकताना, बसच्या रांगेत, तुझ्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू घेऊन आले तेव्हासुद्धा. मी म्हणायचे, "ते विचारणं नव्हतं, सांगणं होतं."

"नाय वन्सं. तुमी नाय म्हटलं असतं तर नसत्या हलवल्या."

"एवढ्या माणसांपुढं नाय कोण म्हणंल?"

"तुमी म्हटलं असतं. मला भीती तीच होती."

मग मी दुसरा मुद्दा काढायचे. "आमच्याकडे" म्हणालीस ना तू स्टेजवर? आमच्याकडे कसलं? तुझ्याकडे भात. वाटे आमचे, वाळू आमची, ती रीत माझ्या बापाची. तू कधीपासून आमच्याकडची? एकदाच, एकदाच तू चिडलीस. हातातली बोंबलांची जोडी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मग माझं कुठलं ते सांगा. मासवणला गेले की म्हणतात, तू आता समुद्राकडची. हितं तुमी म्हणता, भाताकडची. मी राहू कुठं?"

खरं तर हा प्रश्न माझा होता आणि तू तोही घेतला होतास. मुलगी परक्याचं धन म्हणतात. मी परक्याकडे गेलेच नाही. मग ज्या घरात जन्मले तिथे मी कोण? पोस्टमन "सुनंदाबाईंचं घर" म्हणून पत्ता सांगायचा. आईचं दुखलंखुपलं तर ती हाक तुला मारायची. घर वसंताचं, म्हणून तुझं. मी त्या घरात तुझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त राहिले, आणि तरी माझं राहणं हे राहू दिलेलं. हेवा म्हणजे माझा तो होता, सुनंदा. चिपेचा नव्हता, टाळ्यांचाही नव्हता, किंवा होता, पण थोडा. तू उंबरा ओलांडून आत आलीस आणि घर तुझं झालं. मी कधी बाहेर गेले नाही म्हणून ते माझं झालं नाही.

त्यानंतर शेठनी नवा विभाग काढला आणि तू त्याची प्रमुख झालीस. मी तुझ्या हाताखाली. कुणी पाहुणे आले की तू मला पुढे करायचीस, "हा प्रोग्रॅम वन्सांचा." दर वेळी. एकदाही चुकली नाहीस. आणि ऐकणारे माझ्या प्रोग्रॅमचं कौतुक न करता तुझ्या मोठ्या मनाचं करायचे. दिलंस ते मला, आणि नाव झालं देणारीचं. ह्याला काय म्हणावं?

पुढे ती चिपही मागे पडली. साध्या संगणकातले प्रोसेसरच इतके पळायला लागले की चौघींना कामाला लावायची गरज उरली नाही. मागवली तरी मिळेना. शेवटचे बोर्ड पाम गावच्या बाजूला शेठनी घेतलेल्या गोदामात पडले, आणि तू पुन्हा माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसलीस, साधी पॅनेलं जोडायला. मला वाटलं होतं, मला त्या दिवशी आनंद होईल. तू बसलीस, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलंस आणि म्हणालीस, "आज गटार कुठल्या रंगाचं?" मी म्हटलं, "हिरवं." त्या दिवशी आपण दोघींनी डबा वाटून खाल्ला. तेवढी काही वर्षं बरी गेली आपली. हे चांगलं, लिहिते म्हणाले होते ना.

मग कावीळ. साधी आहे, साधी आहे म्हणता म्हणता ती तुला घेऊन गेली. पालघरच्या हॉस्पिटलात मी तुझ्याजवळ बसायचे. वसंता रडायचा म्हणून त्याला बाहेर बसवलेलं असायचं. तू पिवळी धमक झाली होतीस आणि मी म्हटलं, "आज तूच गटाराच्या रंगाची." तू हसलीस, पोट दुखेपर्यंत. नर्स रागावली मला. शेवटच्या दिवसांत मला तुला सांगायचं होतं की त्या दोन ओळी तू बरोबर हलवल्यास. आईची रीत माणसांसाठी चांगली, यंत्राला नाही. जिभेवर आलं होतं. पण तू डोळे मिटून होतीस आणि मला वाटलं, उद्या सांगू. उद्याही सांगितलं नसतं मी, तुला माहीत आहे. हरल्यासारखं झालं असतं.

तुझी लेक परवा म्हणाली, "आत्या, आई सांगायची तशी ती चिपेची गोष्ट सांग ना." मी सांगितली. ती म्हणाली, "आईची जास्त छान होती." बघ. आहेच.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

तुला घरी आणलं त्या सकाळी अंगण बायकांनी भरलेलं होतं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरून यावं लागतं. तुझ्या भावाला निरोप धाडला होता, पण तो वीटभट्टीवर, गुजरातेत कुठे, कुणालाच नक्की माहीत नाही. मासवणहून कुणी येईना. ऊन चढायला लागलं. बायका कुजबुजायला लागल्या, म्हायेरचं लुगडं कोन घालनार, उघडी कशी न्यायची तिला. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभी होते आणि ह्या गोंधळाशी आपला काही संबंध नाही असं समजत होते. मी सासरची ना. त्या घरात पहिल्यांदा माझी जागा पक्की होती.

वसंता उठून माझ्यासमोर आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "ताय," तो म्हणाला, "तिनं मला हॉस्पिटलात सांगितलंवतं. मासवणचं कोन पोचलं नाय, तर वन्सं हायत. वन्सं माजं म्हायेर."



तुला सांगू, पहिल्यांदा मला काय वाटलं? राग आला. म्हटलं, मरतानासुद्धा हिने डाव साधला. घर स्वतःकडे ठेवलं आणि मला घराबाहेरची केली. मी हिचं माहेर, म्हणजे हे घर हिचं, आणि मी पाहुणी. एवढ्या वर्षांचं भांडण तू एका वाक्यात मिटवलंस, आणि तेही मला उत्तर देता येणार नाही अशा वेळी. ह्या वेळी तर विचारलंही नाहीस.

मी आत गेले. कपाटातून एक कोरी साडी काढली, हिरवी, घडीही मोडली नव्हती. घेऊन बाहेर तुझ्याकडे निघाले तर आईने अडवलं. ती भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, "अशी नको. म्हायेरचं घरातनं येत नाय. मागच्या दारानं जा, फाटकाच्या बाहेर जा, आन् तिकडनं घेऊन ये."

मी गेले. मागच्या दाराने, वलांड्यांच्या खालून वाकून, फाटकाबाहेर. रस्त्यावर उभी राहिले, हातात साडी. तिथून पहिल्यांदाच मी आमच्या घराकडे बाहेरून बघितलं, बाहेरच्या माणसासारखं. आत तू होतीस. तुझं माझ्याशिवाय कुणी नव्हतं आलेलं.

फाटक उघडून मी आत पाय टाकला. बायका बाजूला झाल्या. आई दारात आली, तिने डोक्यावर पदर घेतला, आणि तिच्या पोटच्या मुलीला, मला, परक्या घरच्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली, "या."

मी आले, सुनंदा. तुझ्याकडची म्हणून आले.